इराच्या घराची गॅलरी

“खिडकी एवढी खाली नको,” इरा म्हणाली. “शर्व त्यातून पडेल. तो कुठूनही पडतो.”

“मी नाई पडत,” शर्व म्हणाला आणि माझ्या अवजारांच्या पिशवीला अडखळून तिच्यावरच बसला.

मी खोडरबर फिरवलं आणि खिडकी वीतभर वर घेतली. कोल्हापुरातल्या एका बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात मोठा कागद पसरून मी फरशीवर बसले होते. मुलांसाठी लाकडी खेळघरं बांधणं हा माझा धंदा. चार खांबांवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर उभं राहणारं खरंखुरं घर, चढायला शिडी, उतरायला घसरगुंडी. नकाशा मी नेहमी मुलांच्या समोर काढते. घर कसं दिसायला हवं एवढंच मोठ्यांना सांगता येतं. त्यात काय काय घडणार आहे, ते मुलांनाच ठाऊक असतं.

इरा सात वर्षांची होती आणि तिचं सगळं ठरलेलं होतं. मागं एक दार हवं, चोर आला तर पळायला. आत एक रुंद फळी हवी, दुकान मांडायला. आणि पुढं गॅलरी.

“गॅलरी कशाला गं?”

“आजोबांना. ते तिथं बसून पेपर वाचणार आणि मी त्यांना चहा देणार. खोटा.”

“मग गॅलरी चांगली भक्कम करायला हवी.”

“हो. ते जाड नाहीत, पण उंच आहेत.”

मुलांची आई, मृण्मयी, दारात उभी राहून ऐकत होती. ती हसून म्हणाली, “आधीच सांगून ठेवते, बाबा तुमचा नकाशा तपासल्याशिवाय राहणार नाहीत. ते आर्किटेक्ट होते. आता काम थांबवलंय, पण सवय जात नाही. तुम्ही नाव ऐकलं असेल, दिगंबर ओगले.”

नाव मी ऐकलं होतं.

ते बाहेर आले. पांढरा सदरा, हातात काठी, खरंच उंच. सोळा वर्षांत केस गेले होते, पण मान तशीच होती, समोरच्याला जरा वरून बघणारी. कागदाजवळ येऊन ते कष्टानं वाकले.

“रेघ चांगली आहे तुमची. कुठं शिकलात?”

“आयटीआयला. आणि घरी. वडील सुतारकाम करायचे.”

“मग हातातच आहे की. आडनाव काय म्हणालात?”

“पांचाळ.”

ते माझं सासरचं आडनाव. त्यांनी मान डोलावली, गॅलरीच्या रेघेवर काठी टेकवली आणि म्हणाले, “इथं मात्र काळजी घ्या. गॅलरी हा प्रकार फार फसवा असतो.”

मी म्हणाले, “हो, साहेब.”

माझं माहेरचं नाव कुंदा सुतार. आमच्या गावी माझ्या वडिलांना ज्ञानू मिस्त्री म्हणत. घरात आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. मी अठरा वर्षांची होते तेव्हा गावच्या वाचनालयाच्या जुन्या दगडी इमारतीवर माडी चढली. नकाशे ओगलेसाहेबांचे होते आणि लाकडाचं सगळं काम आण्णांचं. माडीला रस्त्याच्या बाजूनं लाकडी गॅलरी काढायची होती. अशा गॅलरीच्या तुळया जेवढ्या बाहेर येतात त्याहून जास्त आत, खोलीच्या जमिनीखाली जाव्या लागतात. आतला भाग दाबून धरलेला असतो, म्हणून बाहेरचा तरंगतो. नकाशात तसंच होतं. पण कामात घोळ झाला आणि खोलीची जमीन आधीच घालून झाली. ती उकलायची तर महिना गेला असता. उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं, मंत्री येणार, पत्रिका वाटून झालेल्या. मग तुळया भिंतीच्या बाहेरच कापल्या गेल्या आणि भिंतीला खिळे मारून ठोकलेल्या एका पट्टीवर टेकवल्या गेल्या. बाहेरून काही कळत नव्हतं. रंग दिल्यावर तर मुळीच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मिरवणूक बघायला पंधराएक माणसं कठड्याशी आली आणि गॅलरी भिंतीपासून सुटली. तिघं जबर जखमी झाले. वाचनालयात काम करणारी शुभदा देवस्थळी, तेव्हा सव्वीस वर्षांची, तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी समिती बसली. ओगलेसाहेबांनी नकाशा पुढं ठेवला. नकाशात तुळया पूर्ण लांबीच्या होत्या. ते म्हणाले, मिस्त्रीनं माझ्या माघारी त्या कापल्या, तो कामावर दारू पिऊन यायचा. आण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते एवढंच म्हणाले, “साहेबांनी सांगितलं, मी कापल्या.” कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. दारूचं विचारलं तेव्हा तर ते काहीच बोलले नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. मला वाटलं, आता ओरडतील, आता खुर्ची फेकतील. ते खाली बघत राहिले.

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. दिलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. करवती, रंधे, पटाशा सगळं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि दहा वर्षं ओट्यावर बसून काढली. रस्त्यानं जाणारी पोरंसुद्धा त्यांना बेवडा मिस्त्री म्हणायची. ते गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं शोधावी लागली.

त्या प्रकाराबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. “मी म्हणालो, साहेब, हे पडंल. ते म्हणाले, ज्ञानू, डोकं मी चालवतो, तू करवत चालव.” तेव्हा तिथं तिसरं कुणी नव्हतं. मी विश्वास ठेवला, मुलगीच मी. पण कधी कधी मलाही वाटायचं की हरलेला माणूस मनाशी एक वाक्य रचतो आणि तेच घोकत बसतो. आईपुढं विषय काढला की ती उठून आत जायची.

आणि आता तोच माणूस माझ्यापुढं काठी टेकून मला सांगत होता, गॅलरी हा प्रकार फार फसवा असतो.

पुढचे चार दिवस मी माझ्या कारखान्यात एकटीनं काम केलं. कामाच्या दोन माणसांना दुसरीकडं पाठवलं. खरं सांगते, त्या चार दिवसांत माझ्या मनात एकच गोष्ट होती. गॅलरी इरानं त्यांच्यासाठीच मागितली होती. ते पेपर घेऊन तिथं बसतील. खालची जमीन फरशीची आहे. त्या वयात माणूस चार फुटांवरून पडला तरी पुन्हा धड उठत नाही. तुळया किती आखूड ठेवायच्या, पट्टीला किती खिळे मारायचे, म्हणजे मुलांचं वजन पेलेल आणि त्यांचं पेलणार नाही, याचा हिशेब मी कागदावर मांडला.

पण मुलं काही हिशेबानं खेळत नाहीत. इरा त्यांना चहा द्यायला गॅलरीत येणार होती आणि शर्व, तो तर कुठूनही पडतो. तो कागद मी फाडून टाकला. राग मात्र तसाच राहिला. मग वाटलं, हा माणूस पडून मला काय मिळणार? गाव हळहळेल. पेपरात फोटो येईल. मला त्यांची हाडं नको होती, मला ते वाक्य हवं होतं. त्यांच्या तोंडून.

मी तीन तुळया कापल्या. आखूडच कापल्या.

आठवड्यानं घर उभं राहिलं. खांब, जमीन, भिंती, छप्पर. ओगलेसाहेब रोज सकाळी खुर्ची टाकून मागच्या अंगणात बसायचे. मुलं शाळेत असायची. साहेबांना बोलायला आवडायचं. कुठल्या शहरात कुठलं सभागृह बांधलं, कुणी सत्कार केला, सगळं सांगायचे. मी ऐकायचे आणि स्क्रू फिरवायचे. एकदा त्यांनी आपणहून म्हटलं, “माझ्या कारकिर्दीत एकच अपघात झाला. एका दारुड्या मिस्त्रीमुळं.”

“हो का?” मी म्हणाले.

“चांगला कारागीर होता. पण व्यसन वाईट.”

मी हातातला स्क्रू एवढा आवळला की डोकं झिजून गेलं.

शनिवारी मृण्मयीला सुट्टी होती. ती व्हरांड्यात भाजी निवडत बसली होती, मुलं आत टीव्हीपुढं. मी मुद्दाम तोच दिवस धरला. भिंतीला बाहेरून एक पट्टी ठोकली, चार खिळ्यांनी, आणि आखूड तुळया तिच्यावर टेकवायला घेतल्या.

दुसरी तुळई उचलली तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हे काय चाललंय?” ओगलेसाहेब उठून उभे होते. “या तुळया आत का नाही घेतल्या?”

“आतली जमीन घालून झाली, साहेब. आता कोण उकलणार? बाहेरच टेकवते.”

“पण नकाशात तर आत जाताना दाखवल्यात!”

“नकाशा नकाशाच्या जागी. सोमवारी इराचा वाढदिवस आहे, मैत्रिणी येणार आहेत. तारीख गाठायला हवी ना.”

ते काठी टेकत जवळ आले. चेहरा उतरला होता. “बाई, ही गॅलरी पडेल. पोरं कठड्याशी गेली की खिळे सुटतील. काढा ते.”

“काही होत नाही, साहेब. रंग दिला की कळणारसुद्धा नाही.”

“मी सांगतोय ना, पडेल! मला माहीत आहे!”

मृण्मयी भाजी ठेवून पायरीवर आली. मी तुळई पट्टीवर ठेवली, हातोडा घेतला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाले, “साहेब, डोकं मी चालवते. तुम्ही पेपर वाचा.”

मी खिळा लावला आणि एक घाव घातला.

“काय म्हणालीस?”

“आवडलं नाही? तुमचंच आहे. जरा वेगळं होतं. डोकं मी चालवतो, तू करवत चालव. असंच होतं ना?”

त्यांनी हात पुढं करून खेळघराचा खांब धरला. “हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही कुणाला म्हणाला होता?”

“तिथं कुणी नव्हतं,” ते म्हणाले. “मी आणि ज्ञानू, दोघंच होतो.”

सोळा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते असं, एवढ्या हलक्या आवाजात आलं. मी हातोडा खाली ठेवला.

“ज्ञानदेव सुतार. मी त्यांची मुलगी.”

मृण्मयी आमच्याजवळ आली होती. तिनं वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “बाबा, वाचनालयाचं बोलताय? तो मिस्त्री प्यायलेला होता ना? तुम्हीच सांगायचात.”

ते मागं सरकून खुर्चीत बसले.

“बाबा?”

“तो पीत नव्हता,” ओगलेसाहेब म्हणाले. “मला काहीतरी सांगायलाच हवं होतं, मृणू. माझं सगळं ऑफिस बुडालं असतं. तू तेव्हा दहावीत होतीस.”

“मी अठरा वर्षांची होते,” मी म्हणाले.

मृण्मयी पायरीवर बसली. मला तिची कीव आली नाही. आतून मुलांच्या कार्टूनचा आवाज येत होता. मी पिशवीतून कोरे कागद काढले, फळीवर ठेवले आणि त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं.

“लिहा.”

“आता? या वयात माझी अब्रू घेऊन तुला काय मिळणार आहे?”

“आण्णांना बावन्नाव्या वर्षी काय मिळालं, तेच तुम्हाला मिळेल. लिहा.”

ते मुलीकडं बघत राहिले. ती मान खाली घालून म्हणाली, “लिहा, बाबा.”

त्यांनी लिहिलं. अक्षर अजून सुरेख होतं. तुळया कापायला मी तोंडी सांगितलं. मिस्त्री दारू पीत नव्हता, ते मी खोटं सांगितलं. एवढं लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अजून आहे,” मी म्हणाले. “त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, ते लिहा.”

“त्यानं काय फरक पडतो? मी आदेश दिला हे लिहिलंय की.”

“पडतो. नाहीतर लोक म्हणतील, मिस्त्रीला तरी कुठं अक्कल होती. त्यांना अक्कल होती. तुमच्याहून जास्त होती. लिहा.”

“राहू दे ते. माझं ऐक.”

“लिहा म्हणते ना!”

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि लिहिलं, ‘ज्ञानदेव सुतार यांनी मला दोनदा बजावले होते की, तुळया अशा कापल्या तर माणसांच्या वजनाने गॅलरी पडेल.’ खाली सही केली, तारीख घातली. मृण्मयीनं साक्षीदार म्हणून सही केली. तिची सही वाकडीतिकडी आली.

घर मी पुरं केलं. तेवढं तिनं मला विचारलं होतं, “इराचं घर टाकून जाणार नाही ना?” आतली जमीन उकलली, पूर्ण लांबीच्या तुळया घातल्या, नटबोल्टनं आवळल्या. स्वतः उभी राहून उड्या मारून बघितलं. वाढदिवसाला आठ मुली एकदम गॅलरीत चढल्या आणि घर हललं नाही. ओगलेसाहेब अंगणात आले नाहीत. इरा बशीत खोटा चहा घेऊन दोनदा आत जाऊन आली. “आजोबा नको म्हणतात,” ती मला म्हणाली. “ते खिडकीतून बघतात आणि आत जातात.” मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. परत येताना एसटीत मी पिशवीत हात घालून तो कागद पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते आणि मला हसू येत होतं.

वाचनालयाची वार्षिक सभा महिन्याभरावर होती. मी अध्यक्षांना भेटले, पत्र वाचायची परवानगी घेतली. आदल्या दिवशी गावी गेले आणि पत्र आईला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितला.

“हे सभेत वाचू नको,” ती म्हणाली.

“का? सगळं खरं आहे यात.”

“खरं आहे म्हणूनच म्हणते. घरात ठेव. तुझ्या भावांना दाखव. बस्स.”

“सोळा वर्षं लोकांनी त्यांना बेवडा म्हटलं, आई!”

“म्हटलं तर म्हटलं. नको वाचू.”

ती सभेला आली नाही. मी गेले. साठ-सत्तर माणसं होती. मी पत्र वाचलं, एकेक शब्द सुटा करून. ओगल्यांचं नाव आलं तेव्हा लोक एकमेकांकडं बघायला लागले. दारूचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतले एक म्हातारे, जे पूर्वी आमच्या ओट्यासमोरून थुंकून जायचे, खाली बघायला लागले. त्यांना मी नीट बघून घेतलं. वाचून झालं तेव्हा टाळ्या वाजल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, या मिस्त्रींची माडीवर तसबीर लावू.

पहिल्या रांगेत शुभदाताई बसल्या होत्या. आता त्या ग्रंथपाल होत्या. कुबडी खुर्चीला टेकवलेली होती. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, “कुंदा, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचतेस?”

मी वाचलं. माणसांच्या वजनाने गॅलरी पडेल.

“म्हणजे तुझ्या वडिलांना आधीच ठाऊक होतं.”

“हो. त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, ताई. दोनदा.”

“साहेबांना सांगितलं.” त्यांनी कुबडी हातात घेतली. “त्या दिवशी सकाळी ते जिन्याखाली उभे होते. मी हारांची परडी घेऊन वर चालले होते. मला म्हणाले, सावकाश जा, ताई. मला वाटायचं, माणूस चांगला होता बिचारा, प्यायल्यावर काय कापलं ते त्यालाच कळलं नसेल. मी कधी त्यांचा रागसुद्धा केला नाही.”

त्या कुबडीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

“मला का नाही सांगितलं गं त्यांनी? एवढंच म्हणायचं होतं, वर जाऊ नका.”

मी कागद टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढचा विषय घेतला. तसबिरीचं पुन्हा कुणी काढलं नाही.

घरी आले तेव्हा आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

“शुभदानं विचारलं?”

“तुला माहीत होतं?”

“माझ्याजवळच बोलायचे ना ते. झोप लागायची नाही त्यांना.” तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. “म्हणून तर समितीपुढं दारूचं ऐकूनही गप्प बसले. म्हणायचे, बेवडा म्हणू देत मला. बेवड्याला ती पोरगी तेवढं तरी विचारायची नाही.”